मांजरेकाठी दुर्बीण

"तिथं देव हाय का?" सासूबाईंनी विचारलं.

"न्हाई."

"कुणी पावणे?"

"न्हाईत."

"मग कामून जायलाव?"

फाल्गुन तोंडावर आला होता. रविवारची सकाळ होती आणि मी ओट्यापाशी उभी राहून धपाटे फडक्यात बांधत होते. आमचं घर भालकीत. खाली खत-बियाणांचं दुकान, वर आम्ही तिघं राहतो, मी, हे आणि सासूबाई. मुलगा हैदराबादला नोकरीला आहे. त्याच हैदराबादला आदल्या पावसाळ्यात ह्यांची छाती उघडून ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं की दुकानातल्या खुर्चीत बसून राहू नका, मोकळ्या हवेत चाला. आता भालकीत मोकळी हवा कुठून आणायची? आमच्या गल्लीतून दिवसभर उसाचे ट्रॅक्टर जातात. मग संक्रांतीला मुलगा आला तो एक दुर्बीण घेऊन आला. बापाच्या गळ्यात घातली आणि म्हणाला, "अप्पा, मांजरेवर जा. पक्षी बघत चला. चालणं आपोआप होईल."

पक्षी बघणं हे काम आमच्या घराण्यात आजवर कुणी केलेलं नव्हतं. आमच्याकडे घराबाहेर पडायला कारण लागतं. लग्न, मयत, जत्रा, तहसीलमधलं काम. नुसतं जाऊन नदीला बसायचं म्हटल्यावर सासूबाईंना वाटलं की आम्ही दुसऱ्या डॉक्टरला दाखवायला चाललोय आणि त्यांच्यापासून लपवतोय. "खरं सांग," त्या मला जिन्यापर्यंत येऊन म्हणाल्या, "काय निघालंय त्याला?" मी शपथ घेतली तरी त्यांचा विश्वास बसला नाही.

मला त्याचं नवल वाटलं नाही. ह्यांच्या आजारपणापासून दुकानात मीच बसते. बियाणं घ्यायला आलेला माणूस पिशवी उलटी करून बघतो, शिवण बघतो, वास घेतो, चार दाणे दाताखाली फोडतो आणि तरीही जाताना म्हणतो, "उगवलं न्हाई तर बघा." कुणी सरळ बोललं तर त्याच्या मागे काय आहे हे आधी शोधायचं, ही आमच्याकडची रीत आहे. ह्यांना मात्र ती कधी जमली नाही. ऑपरेशनच्या आधी मधुमेह निघाला तेव्हा शेजाऱ्यानं सांगितलेला पाला हे तीन महिने खात होते.

तर आम्ही निघालो. आमची जुनी गाडी, मागच्या सीटवर सतरंजी, धपाटे, दह्याचा डबा, शेंगाची चटणी. भालकी सोडून उत्तरेला लागलं की रस्ता हळूहळू उतरत जातो. ज्वारी काढून झाली होती, जागोजागी कडब्याच्या बुचाडी उभ्या होत्या. करडईची शेतं वाळून काट्यांनी भरलेली. आणि मधेच एखाद्या माळावर पळस असा पेटलेला, की मी ह्यांना दोनदा गाडी थांबवायला लावली. लग्नाला तीस वर्षं होऊन गेली, पण रस्त्यात उगाच गाडी थांबवून झाड बघितलं ते पहिल्यांदाच.

नदीकाठच्या त्या गावाचं नाव मी इथं घालत नाही. गाव उंचावर आहे. खालच्या अंगाला बंधारा असल्यामुळे पावसाळा संपल्यावरही पाणी राहतं, पण फाल्गुनात ते आत सरकतं आणि नदीच्या मधोमध वाळूची एक लांब जीभ उघडी पडते. आम्ही गावाच्या अलीकडं, अर्ध्या उतारावर, करंजाच्या झाडाखाली सतरंजी टाकली. करंजाला नवी पालवी फुटलेली, इतकी कोवळी की ऊन तिच्यातून हिरवं होऊन खाली पडत होतं. हे काठानं चालून आले, दमले नाहीत, आल्यावर दोन धपाटे खाल्ले. दवाखान्यातून आल्यापासून ह्यांनी मागून खाल्लेलं मी तेव्हाच बघितलं. मग दुर्बीण डोळ्याला लावून जे बसले ते ऊन चढेपर्यंत.

"काय दिसायलंय?" मी विचारलं.

"वाळूवर पाखरं बसलेत. पिवळी चोच, डोक्यावर काळी टोपी. खड्डा करून अंडी घालतेत वाटतं."

मी डोळे बारीक करून बघितलं. मला वाळू दिसली. मी मटकी निवडत बसले.

पुढच्या रविवारी परत गेलो, त्याच्या पुढच्याही. आणि तेव्हाच माझ्या लक्षात आलं की कुणीतरी आपल्याला बघतंय. उताराच्या वर, जिथं पायवाट गावात शिरते तिथं, मोटारसायकल आडवी लावून एक माणूस बसायचा. चाळिशीचा, अंगानं कडक, खांद्यावर पांढरा टॉवेल. आम्ही आलो की थोड्या वेळात तो यायचा, आम्ही उठलो की तोही उठायचा. ह्यांनी एकदा त्याला हात केला. त्यानं हात केला नाही.

"आपल्यालाच बघायलाय तो," मी म्हणाले.

"बघू दे की. आपण नदी बघायलाव, तो आपल्याला बघायलाय."

"गाडीत काय ठेवलंय का? कुलूप लावलंय का?"

"काय न्हाई ग गाडीत."

चौथ्या खेपेला तो खाली उतरून आला. टॉवेल झटकला, पण बसला नाही.

"शरणू शरणार्थी," हे हात जोडून म्हणाले.

"शरणार्थी." त्यानं तोंडातल्या तोंडात उत्तर दिलं. "कुठले म्हनायचे?"

"भालकीचे. खताचं दुकान हाय."

"आन् हितं?"

"पाखरं बघायलाव."

त्यानं माझ्याकडं बघितलं, डब्याकडं बघितलं, गाडीच्या नंबरकडं बघितलं. "भालकीत पाखरं न्हाईत?"

"हायत की. पन ही नदीवरची हायत."

"दर आयतवारी तीच पाखरं बघायलाव?"

"तीच," हे हसून म्हणाले. "अंडी घातलेत त्यांनी."

तो हसला नाही. "कोणच्या हापिसातून हायत का तुमी?"

"कोणच्या हापिसातून?"

"कोणच्याबी."

"न्हाई ओ. मी आजारी होतो, डॉक्टरनं फिरायला सांगितलंय."

हे उत्तर ऐकून त्याचा संशय वाढलाच. आजारी माणूस घरी निजतो, दुर्बीण घेऊन नदीवर येत नाही, हे त्याच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट वाचता येत होतं. खरं सांगायचं तर माझंही मत तेच झालं असतं. तो गेला. आम्ही उठलो तेव्हा गाडीच्या मागच्या एका चाकात हवा नव्हती.

"खिळा लागला असंल," हे म्हणाले. ह्यांना दम लागू नये म्हणून मीच स्टेपनी काढायला लागले. वर पायवाटेवर चार माणसं उभी होती. कुणी खाली आलं नाही. चाक नंतर पंक्चरच्या दुकानात दाखवलं. त्यात खिळा नव्हता, पंक्चरही नव्हतं.

मी म्हणाले, आता बास, दुसरीकडं जाऊ, कारंजाच्या धरणावर जाऊ, बिदरला किल्ल्यात जाऊ. हे ऐकेनात. "अंडी फुटायची वेळ आलीय," म्हणाले. आणि इथंच माझ्याही मनात काहीतरी हललं. हा माणूस कशासाठी कधी हट्ट धरत नाही. भाजीत मीठ नसलं तरी सांगत नाही. मग त्या एका जागेसाठी एवढा हट्ट कामून?

पुढच्या रविवारी हे काठानं चालायला गेले आणि दुर्बीण सतरंजीवर ठेवून गेले. मी तोवर तिला हात लावलेला नव्हता. उचलली आणि ह्यांचं तोंड ज्या दिशेला असतं त्याच दिशेला लावली. आधी सगळं धुक्यासारखं दिसलं. मधलं चाक फिरवल्यावर धुकं फाटलं, आणि माझ्या डोळ्यापुढं एकदम, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ, एका बाईची ओली पाठ आली. तिच्यापलीकडं हिरव्या लुगड्यातली एक बाई धुणं दगडावर आपटत होती. एक बाई केस मोकळे सोडून पाण्यात उभी होती.

मी दुर्बीण खाली केली. साध्या डोळ्यांना तिथं नदीच्या वळणावर चार रंगीत ठिपके होते, बस. गावाची धुणं धुवायची जागा. वाळूची जीभ आणि ती जागा एका सरळ रेषेत होती, आधी वाळू, मग ती. मी परत दुर्बीण लावून वाळू शोधली. पिवळी चोच, काळी टोपी, काहीसुद्धा दिसलं नाही. नुसती वाळू आणि वाळूवरून उठणारी झळ.

हे परत आले. मी दही वाढलं.

तो आठवडा मी ह्यांच्यावर नजर ठेवून काढला. आणि नजर ठेवली की काही ना काही सापडतंच. शनिवारी संध्याकाळी हे माझ्या जुन्या मऊ ओढणीच्या तुकड्यानं दुर्बिणीच्या काचा पुसत होते, देवाच्या मूर्ती पुसाव्या तसे. रविवारी सकाळी दाढी केली. दुकान उघडं असो नसो, आयुष्यभर ह्या माणसानं रविवारी दाढी केलेली नव्हती. मग इस्त्रीचा शर्ट काढला. आरशात बघून कॉलर नीट केली.

"नदीला जायलाव की सोयरिकीला?" मी म्हणाले. ते नुसते हसले. मला हसू आलं नाही.

मधे पाडवा झाला. कडुनिंबाचा फुलोरा आणि गूळ सगळ्यांच्या हातावर ठेवला. सासूबाई म्हणाल्या, "दर आयतवारी नदीला जाऊन रंग उजळलाय त्याचा." त्यांचा संशय आता फिटला होता. माझा सुरू झाला होता, आणि ज्याला विचारायचं तोच समोर बसून कडू-गोड खात होता. मी विचारलं नाही. विचारलं आणि त्यानं नाही म्हटलं, तर पुढं काय करायचं ते मला ठरवता येईना.

पाडव्यानंतरच्या रविवारी आम्ही सतरंजी टाकून बसतो न बसतो तोच गावाकडून माणसं उतरायला लागली. पुढं तो टॉवेलवाला. त्याच्या मागं पाच-सहा बाया, काहींच्या लुगड्याचे काठ अजून ओले. एक बाई, तीच हिरव्या लुगड्यातली, लांबूनच ओरडत आली. "हेच ते! आमच्याकडं बघत बसायलेत!" सगळ्यांच्या मागून काठी टेकत एक म्हातारी येत होती, हनुवटीवर गोंदण, कमरेत वाकलेली. तिच्यासाठी सगळ्यांनी वाट सोडली. सगळे तिला अव्वा म्हणत होते.

"मोबाईल दावा," टॉवेलवाला म्हणाला. "व्हिडिओ काढलाव काय?"

ह्यांनी निमूटपणे मोबाईल दिला. त्यात नातवाचे फोटो होते, खताच्या पोत्यांचे होते, पळसाचे होते. त्यानं एकेक करून बघितले. ह्यांचा हात छातीवर गेला होता. ऑपरेशननंतर गडबड झाली की ह्यांना वाक्य पुरं करता येत नाही. "पाखरं... वाळूवर..." एवढंच म्हणत होते.

"पाखरं म्हणे," हिरव्या लुगड्यातली म्हणाली. "आमी आंगुळ करताव तिथं हेंची पाखरं बसतेत!"

अव्वा माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "तू बायको का हेची?"

"व्हय."

"ह्याच्यातून तू बघितलंस का?"

"बघितलं."

"काय दिसलं?"

हे माझ्याकडं बघत होते. ह्यांना माहीत नव्हतं की मी बघितलंय. मी पाखरं म्हटलं असतं तर कदाचित सगळं तिथंच मिटलं असतं. बाईनं सांगितलं म्हणून त्या बायांनी मानलं असतं. पण मी पाखरं बघितलेली नव्हती, आणि त्या ओल्या बायांच्या तोंडाकडं बघून मला ते म्हणवेना.

"तुमीच दिसलाव," मी म्हणाले.

ह्यांनी माझ्याकडं असं बघितलं की ते अजून माझ्या डोळ्यापुढून जात नाही. त्यात राग नव्हता. रस्ता ओळखीचा वाटावा आणि वळण घेतल्यावर गाव भलतंच निघावं, तसा चेहरा होता.

"बघा!" टॉवेलवाला ओरडला. "घरची बाईच सांगायलीय!"

"पाखरं न्हाई दिसली तुला?" अव्वानं विचारलं.

"न्हाई दिसली. हेंना दिसतेत म्हणतेत. मला न्हाई दिसली."

अव्वानं काठी सतरंजीवर टाकली आणि ह्यांच्यापुढं हात केला. "दे इकडं. मी बघते."

ह्यांनी गळ्यातून दुर्बीण काढली. अव्वा खाली बसली, हेही तिच्या शेजारी गुडघ्यावर बसले. तिच्या डोळ्याला दुर्बीण लावून मधलं चाक हळूहळू फिरवत विचारत राहिले, "आता? आता दिसतंय का, अव्वा?"

"पांढरं दिसतंय."

"आता?"

"अगं बया." अव्वा एकदम मागं सरकली, मग परत पुढं झाली. "ही तर आमची सून. घागर घासायलीय. हेच्या मारी, बोटातली अंगठीबी दिसायलीय!"

बाया कुजबुजल्या. हिरव्या लुगड्यातलीनं पदर गच्च ओढून घेतला, जणू आत्ताच कुणी बघतंय.

"खाली घ्या, अव्वा," हे म्हणाले. "जरा खाली. वाळूवर. दोन दगड हायत, त्यांच्या मधे."

अव्वानं दुर्बीण थोडी खाली वळवली. तोंड थोडं उघडं राहिलं होतं. मग हळूच म्हणाली, "बसलंय. चोच पिवळी हाय. टोपी घातल्यावानी हाय डोकं." आणि थोड्या वेळानं, "दुसरं आलं. मासळी घेऊन आलंय. त्याला भरवायलंय."

ती बघतच राहिली. टॉवेलवाला अस्वस्थ होऊन एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होता. शेवटी अव्वानं दुर्बीण खाली ठेवली, डोळे पुसले आणि सगळ्यांकडं बघून म्हणाली, "पाखरूबी हाय आन् बायाबी हायत. ह्यो काय बघायलाय ते हेच्या डोळ्यालाच ठावं."

टॉवेलवाल्यानं मोबाईल परत दिला.

"तुला पाखरंच बघायचेत ना?" तिनं ह्यांना विचारलं. "मग आमच्या बाजूला येऊन बस. पाठ आमच्याकडं, तोंड वाळूकडं. आमी बघताव तू काय बघतुस ते."

आम्ही परत निघालो. चढ संपून माळ लागला तिथं ह्यांनी गाडी बाजूला घेतली आणि किल्ली फिरवली.

"विचार," म्हणाले.

"तुमाला दिसत होत्या का त्या?"

"दिसत होत्या. चाक फिरवताना मधेच यायच्या. आल्या की मी खाली करायचो." मग म्हणाले, "दर वेळी लगेच केली असं न्हाई म्हणत मी. दिसलं तर माणूस बघतो एक क्षण. पन त्यासाठी जात न्हवतो."

"मग दाढी कामून करायलाव? शर्ट कामून?"

ह्यांनी समोर काचेतून बघितलं. "दवाखान्यातून आल्यापास्नं जो भेटतो तो तोंडाकडं बघून विचारतो, कसं हाय आता? तिथं मला कुनी ओळखत न्हाई. तिथं तरी आजारी मानूस दिसू नये वाटतं."

मी ह्यांचं उत्तर उलटं करून बघितलं, शिवण बघितली. खोटं सापडलं नाही. तरी घरी पोचेपर्यंत मनात थोडं राहिलंच. संशयाला गेलेलं मन सांगितल्याबरोबर परत येत नाही.

पुढचे रविवार आम्ही गावाच्या बाजूला बसलो. मागं बायांचं धुणं चालायचं, दगडावर लुगडी आपटल्याचा आवाज यायचा, आणि हे त्यांच्याकडं पाठ करून वाळूकडं बघत बसायचे. पहिल्या दिवशी बाया कपडे धुताना एकमेकींना आडोसा धरत होत्या. पुढं गप्पा सुरू झाल्या, कुणाची मुलगी उदगीरला दिली, कुणाच्या तुरीला भाव आला नाही. हिरव्या लुगड्यातलीनं मला विचारलं, "एवढ्या वर्साचा मानूस, पोरावानी पाखरं बघतो, तुला बरं वाटतं का?" मी म्हणाले, दवाखान्यात नाकात नळी घालून पडला होता त्यापेक्षा बरं वाटतं. तिनं मग धपाट्याच्या बदल्यात मला टरबुजाची फोड दिली.

मलाही तिथून दिसली पाखरं. इतक्या दिवसांनी! रंगच वाळूचा, हलली नाहीत तर ओळखू येत नाहीत. पिल्लं निघाली तेव्हा तर ती वाळूचे गोळे वाटत होती, आई ओरडली की जागच्या जागी चिकटून बसायची.

टॉवेलवाला यायचा. आता शेजारी बसायचा. आमचे धपाटे खायचा, चटणी मागून घ्यायचा, पण दुर्बीण कधी डोळ्याला लावली नाही. "तहसीलमधे वळख हाय का तुमची?" असं मधेच विचारायचा. "तुमच्या दुकानात कृषी हापिसातले येतेत ना?" एकदा म्हणाला, "ही वाळू कुनाची हाय ठावं का तुमाला?"

"नदीची," हे म्हणाले.

"तसं न्हवं." त्यानं पुढं सांगितलं नाही. अव्वा तिथंच बसली होती. तिनं त्याच्याकडं एकदा बघितलं आणि तोंड फिरवलं. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की ह्या माणसाला बायांची काळजी कधी नव्हतीच. तो दुसऱ्याच कशाला तरी भ्यायला होता.

चैत्र संपत आला होता. त्या रविवारी आम्ही पोचलो तर नदीकाठी कुणी नव्हतं. धुण्याच्या दगडांवर एकही बाई नव्हती. वाळूवर ट्रॅक्टरच्या चाकांचे रुंद पट्टे उमटले होते, उथळ पाण्यातून थेट मधल्या जिभेपर्यंत. जिभेचा अर्धा भाग नव्हता. तिथं कापल्यासारखा खड्डा होता आणि खड्ड्यात गढूळ पाणी भरलं होतं. वर पाखरं फिरत होती, किर्र किर्र ओरडत, खाली यायची आणि परत वर जायची.

हे पाण्यात उतरले. मी नको नको म्हणत असताना गुडघाभर पाण्यातून तिकडं गेले. मी काठावरून दुर्बीण लावली. हे उरलेल्या वाळूवर वाकून वाकून बघत होते. मग वळून मला दोन बोटं दाखवली. दोन पिल्लं होती.

थोड्या वेळानं अव्वा काठी टेकत आली. एकटीच होती.

"कुनी नेली वाळू?" मी विचारलं.

"मला काय ठावं? मी म्हातारी, मला दिसत न्हाई."

"अव्वा, तुमाला त्या दिवशी अंगठी दिसली होती."

ती धुण्याच्या दगडावर टेकली. मग म्हणाली, "दर साली पावसाच्या तोंडाला जायची वाळू. आवंदा आधीच गेली. तुमी दर आयतवारी येऊन बसलाव, दुर्बीण लावून. आज ना उद्या हापिसवाले घेऊन येतील, त्याच्या आत नेऊ म्हटले आसतील." आणि उठताना, "मी काय म्हनले न्हाई तुला."

गावातून बाहेर पडताना टॉवेलवाल्याचं घर लागतं. मोटारसायकल दारात होती, दार ओढून घेतलेलं होतं. ह्यांनी गाडी हळू केली, पण थांबवली नाही. तक्रार करावी असं मी एकदा म्हटलं. "कुनाची?" हे म्हणाले. "बघितलंय का आपण?" ते खरंच होतं. आम्ही एवढं बघत बसलो आणि तेवढंच बघितलं नव्हतं. पुढं वैशाखाचं ऊन लागलं, मग पाऊस, आणि नदीनं सगळंच झाकून टाकलं.

ह्या फाल्गुनात परत गेलो. जाऊ नये असं मला वाटत होतं, पण डॉक्टरांनी ह्यांची छाती तपासून सांगितलं की जे करताय ते चालू ठेवा. बायांनी ओळख दाखवली. अव्वा थकली आहे, घरातून बाहेर येत नाही, मी जाऊन तिला भेटून आले. वाळू पुन्हा साचली होती, पण जागा सरकली होती, जीभ आता खालच्या अंगाला, बोरूच्या बेटाआड पडली होती. हे चालत तिकडं गेले आणि बऱ्याच वेळानं आले. चेहरा खुलला होता. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "आलेत. तीन जोड्या हायत."

आम्ही जेवायला बसलो तेवढ्यात मोटारसायकल थांबली. टॉवेलवाला उतरून आला, शरणार्थी म्हणाला, बसला. मी त्याला धपाटं दिलं. त्यानं गेल्या साली काही झालंच नाही अशा तऱ्हेनं चौकशी केली, तब्येत कशी, दुकान कसं, मुलगा काय म्हणतो. मग घास तोंडात असतानाच, नदीकडं बघत विचारलं, "पाखरं आली का ओ अण्णा आवंदा?"

का विचारत होता ते मला कळलं नाही. त्याच्या तोंडावरून काहीच कळत नव्हतं. कदाचित त्याला गेल्या सालचं वाईट वाटत असेल. कदाचित आम्ही अजून किती रविवार येणार ते त्याला मोजायचं असेल. मी ह्यांच्याकडं बघितलं.

ह्यांनी चटणीचा डबा त्याच्याकडं सरकवला.

"न्हाई," हे म्हणाले. "अजून तर दिसली न्हाईत."